मी न मारलेल्या हरणाची शिंगं

मंगळवारी ट्रकने आलं ते असं: लाकडी खोका एक, भाडं एकेचाळीस डॉलर, माझ्याकडून घेतलं. खोक्यात पेंढा भरून बसवलेलं म्यूल हरणाचं डोकं एक, शिंगं कानांच्या टोकांबाहेर सहा-सहा बोटं. खाली पितळी पट्टी, तिच्यावर माझं नाव.

ते हरीण मी मारलेलं नाही. म्हणून हे मृत्युपत्र आजच लिहिते.

मी, सिग्ने टॉर्गर्सन, कैलासवासी आर्विद टॉर्गर्सन यांची पत्नी, वय चौऱ्याहत्तर, राहणार टारबेलच्या उत्तरेला बावीस मैलांवर, हे स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला त्यांची गरज नाही. कोणी भरीस घातलेलं नाही. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम १. माझा आत्मा ज्याचा त्याच्याकडे जाईल. पेटी साध्या पाइनची करावी. फुलं विकत आणू नयेत. ते पैसे चर्चच्या छपराला द्यावेत.

कलम २. राहतं घर, बँकेतली ठेव आणि शिवणयंत्र मुलगी मार्लिस हिला. शेजारीण एड्ना क्लिप हिने १९६७ साली नेलेला माझा बिडाचा तवा तिलाच देत आहे. आता तो रीतसर तिचा झाला, तेव्हा मी आले की लपवायची गरज नाही.

कलम ३. आर्विदची रायफल आणि दुर्बीण मुलगा वेंडेल याला, विनाअट. सव्वीस हंगाम आर्विदने बाहेरगावच्या शिकाऱ्यांना या माळावर वाट दाखवली. इथे झाड नाही की खांब नाही. उंचवट्यावर आभाळाला टेकून उभा राहिलेला कुठलाही नर चर्चएवढा दिसतो. शिकारी घाईने बंदूक उचलू लागला की आर्विद म्हणे, "शिंगं नका बघू, साहेब. कान बघा. कानांची रुंदी मला ठाऊक आहे." शिंगं कानांबाहेर किती, ते बघूनच तो हो म्हणे. नाही म्हटलं की लोक चिडत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याकडेच येत.

कलम ४. वेंडेलने गेल्या नोव्हेंबरात कान पाहिले नाहीत. घाईत शिकाऱ्याला "मोठा आहे, मारा" म्हणाला. जवळ गेल्यावर तो दोन वर्षांचा पोरगेला नर निघाला. शिकाऱ्याचा टॅग, म्हणजे परवान्याची चिठ्ठी, माणशी एकच, त्या नरावर बांधून झाला, म्हणजे शिकाऱ्याची शिकार संपली. तो माणूस जेवण अर्धं टाकून उठला. दुसऱ्या दिवशी ओघळीत हा खरा मोठा नर उठला, आणि वेंडेलने त्याला तोही मारू दिला. मग घरी येऊन माझ्या कपाटाचा खण उघडला.

"आई, तुझा टॅग नुसता पडून आहे. बाबा गेल्यापासून तू जातेस कुठे?"

"मी दर वर्षी घेते तो सवयीने. कोणाला द्यायला नाही."

"एकदाच. माझी अब्रू वाचेल."

मी खण बंद करायला हवा होता. केला नाही.

चौथ्या दिवशी वन्यजीव खात्याचे प्रुइटसाहेब याच टेबलाशी कॉफीला बसले.

"टॉर्गर्सनबाई, मोठा नर तुमचा म्हणे?"

"माझाच."

"या गुडघ्यांनी?"

"पिकअपने गेले ओघळीपर्यंत."

ते हसले, आणखी एक बिस्किट घेतलं आणि म्हणाले, "आर्विदच्या घरात मी कागद काय तपासायचे!" रागावले असते तर बरं झालं असतं. साठ वर्षं मी रविवारच्या शाळेत मुलांकडून आठवी आज्ञा घोकून घेतली, खोटी साक्ष देऊ नकोस म्हणून.

डोक्यात पेंढा भरणाऱ्याने टॅगवरचा पत्ता पाहिला आणि खोका इथेच धाडला. एड्ना तो उघडताना हजर होती. म्हणाली, "या वयात, सिग्ने? आणि मला एक सॉसेजसुद्धा नाही?" मी तिला खरं सांगितलं. आता लिहिते.

कलम ५. हे डोकं माझं नाही, म्हणून मला कोणाला देता येत नाही. ते प्रुइटसाहेबांकडे जमा व्हावं.

कलम ६. उत्तरेचं कुरण, सगळ्या ओघळींसकट, वेंडेल याला. मात्र त्याने यंदाचा हंगाम उघडण्याआधी स्वतः जाऊन प्रुइटसाहेबांना खरं सांगितलं तरच. न सांगितल्यास कुरण मार्लिसला, आणि तिथे कोणीही शिकारीला माणसं नेऊ नयेत.

सही: सिग्ने टॉर्गर्सन
साक्षीदार: रेव्हरंड ओलाफ नुटसन, लेस्टर क्लिप (एड्नाचे यजमान, तव्याबद्दल त्यांना आत्ताच कळलं)
टारबेल, मोंटाना, ८ सप्टेंबर १९९१

वेंडेल, ही नक्कल टपालाने पाठवते, कारण फोनवर तू विषय बदलतोस. तुझं वाटाड्याचं लायसन जाईल, बहुतेक काही वर्षांसाठी. ते मला कळतं. मी मरेपर्यंत थांबावं असं तुझ्या मनात येईल. पण मेलेल्या बाईला आपला शब्द मागे घेता येत नाही, आणि "माझाच" असं मी म्हणाले होते, तू नव्हे. तेव्हा डोकं पिकअपच्या मागे नीट बांध आणि पुढची जागा माझ्यासाठी मोकळी ठेव. प्रुइटसाहेबांसमोर आधी मी बोलेन, मग तू. बिस्किटं मी करून आणते. कोणत्या दिवशी येतोस, ते उलटटपाली कळव.