अविधवा नवमीची सवाष्ण

मुनिरका, नवी दिल्ली
१५ सप्टेंबर २०२५

ती. सौ. सुनीतीताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तशी आज अविधवा नवमीला अक्षताच्या नावाने सवाष्ण जेवू घातली. वरण-भात, भाजी, खीर सगळं स्वतः केलं. वडे मात्र तेलात फुटले.

लक्ष्मीबाई नगरच्या देवयानीकाकू येणार होत्या. आमची ओळख फोनवरचीच. दुपारी बाई आल्या. खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, फोनवर सांगितली होती त्यापेक्षा लहानच आहे. मी ओशाळून ताट वाढलं. त्या पोटभर जेवल्या. साडी दिली, पाया पडलो तर चटकन पाय मागे घेतले. दारात म्हटलं, परत या.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. सकाळपासून तापाने उठवलं नाही, राग मानू नकोस म्हणाल्या. ताई, मग जेवून कोण गेलं? इथे शेजारीपाजारी सगळे हिंदी बोलणारे. ह्या बाईंचं बोलणं आपल्याकडचं होतं.

भावजींना नमस्कार. जीव लागून राहिला आहे, उत्तर लवकर लिही.

तुझा,
गुणवंत

कोरेगाव
२० सप्टेंबर

चि. गुणवंत यास अनेक आशीर्वाद.

अख्ख्या पत्रात एक काना-मात्रा चुकली नाही, आणि नेमकी नको तिथे चूक केलीस. श्राद्धाचं जेवून निघालेल्या माणसाला कोणी परत या म्हणतं का रे? तिथे जाणाराही येतो म्हणत नाही.

असेल कोणी भुकेली बाई. पुन्हा आलीच तर पाणी दे, आणि निघताना तोंडातून शब्द काढू नकोस.

सोनमचे वडील तुमच्या लग्नाचं रोज विचारतात. फोनवर तू नुसतं हो-हो करतोस, म्हणून होकार लेखी मागते आहे. लग्न झालं आणि आठ दिवसांत तू लिफ्टच्या ड्यूटीवर दिल्लीला गेलास. अक्षताला तुझी खोलीही बघायला मिळाली नाही, त्याआधीच तापाने नेलं. तेवढ्या सहवासावर जन्म काढणार आहेस का?

जेवणाची आबाळ करू नकोस. तुझ्या काळजीत,

सुनीती

मुनिरका
२७ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच त्या परत आल्या होत्या. मग रोजच. गुरुग्रामहून ड्यूटी संपवून आलो की जिन्यात बसलेल्या असायच्या, अंगावर मी दिलेली साडी. मी पाणी द्यायचो, आणि निघताना तोंडातून परत या निघून जायचं. घरमालकीण मलाच रागवली, म्हणाली, भाभी कब से बैठी है, एक चाबी इसे भी दे दो.

काल तू सांगितलंस तसं केलं. पाणी दिलं. निघताना त्या दारात थांबल्या, माझ्या तोंडाकडे बघत. म्हणाल्या, काहीतरी बोला ना. मी भिंतीकडे बघत राहिलो. पावलं वाजली नाहीत, पण वळून पाहिलं तर जिना रिकामा होता. आज आल्या नाहीत.

मग होकार लिहायला बसलो. त्याआधी लग्नाचा फोटो नीट गुंडाळून ठेवावा म्हणून ट्रंकेतून काढला. अक्षता गेल्यापासून तो बघायचं धाडस झालं नव्हतं. माझ्याशेजारी मुंडावळ्या बांधून त्याच बाई उभ्या आहेत. दुसरा चेहरा आठवायचा फार प्रयत्न केला. दुसरा चेहरा नाहीच, ताई. अक्षता हीच.

सोनमच्या वडिलांना नाही म्हणून कळव. कारण विचारलं तर सांग, ह्या माणसाने स्वतःच्या बायकोला ओळखलं नाही. रोज तिला परकी समजून पाणी दिलं, आणि ती बोला म्हणाली तेव्हा गप्प बसला.

तुझी माया आहे तेवढी असू दे.

गुणवंत