सतरा नंबरची पेली

सेंदाई, १४ ऑक्टोबर १९८७

चि. सौ. फुमिए हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तिकडे डोंगरावर बर्फ दिसू लागलं असेल. तुझ्या यजमानांना सांग, यंदा बाबांच्या कारखान्यात साकेचा तांदूळ धुताना थंडीच्या नावाने शंख करू नका, आम्ही ते लहानपणापासून करत आलो.

एक गोष्ट चार दिवस पोटात ठेवली, आता राहवत नाही. यंदाच्या साके-परीक्षणात, तांदळाच्या दारूला गुण देण्यासाठी, मी परीक्षक होतो. पेल्यांवर फक्त नंबर, कारखान्याचं नाव नाही. सकाळपासून सगळी ती आजकालची गिंजो, फळांच्या वासाची साके. एकीला खरबुजाचा वास, दुसरीला नासपतीचा, आणि घोट पाण्यासारखा हलका. मग सतरा नंबर आला. पिवळसर, आंबूस, दाट, गिळल्यावरही तांदूळ तोंडात राहतो अशी. मुळ्याच्या धुरी दिलेल्या लोणच्याबरोबर गरम करून प्यावी तर हीच. बाबांची पद्धत! आपल्याखेरीज ती आता कोण करतं?

आणि मी घाबरलो. भावाने बहिणीची साके वर काढली असं लोक म्हणतील, म्हणून तळाचे गुण दिले आणि शेऱ्यात लिहिलं, ओल्या फडक्याचा वास. तसला वास नव्हता गं. निःपक्षपातीपणाच्या नावाखाली मी बाबांचा अपमान केला. तुझ्या नजरेला नजर कशी देऊ?

रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा दादा,
तेत्सुरो

युझावा, १९ ऑक्टोबर

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग हसू आटलं. दादा, सतरा नंबर आपली नव्हतीच. आपली एकतीस. तिला सगळ्यांनी वरचे गुण दिले, म्हणजे तूसुद्धा! दोन वर्षं बाबांची साके कुणी उचलेना, म्हणून यंदा मी तांदळाचा दाणा घासून निम्मा केला आणि ती फळांच्या वासाचीच केली. तुला कळवायचा धीर झाला नाही. तेव्हा चूक एकट्या तुझी नाही.

सतरा नंबर निशिदातेकाकांची. बाबांचे हे मित्र तेवढे जुनी पद्धत धरून होते. परवा शेऱ्यांचा कागद घेऊन आले. बाकीचे शेरे बरे होते, पण फडक्याच्या वासावर त्यांचं बोट खिळलेलं. मला तो वास येत नाही म्हणजे माझं नाकच गेलं, आता साके करणं शोभत नाही, असं म्हणाले आणि चहा न पिताच उठले. लगेच त्यांना खरं काय ते लिही.

राग नाही, काळजी आहे. तब्येतीला जप.

तुझी,
फुमिए

कामिनोसावा, २ नोव्हेंबर

चि. तेत्सुरो यास आशीर्वाद.

तुझं आठ पानी पत्र शनिवारी मिळालं. तुझे वडील एका कार्डात आटपायचे. माझं नाक शाबूत आहे हे कळून बरं वाटलं. शेरा आल्यापासून मी पिंपात डोकं घालून हुंगत होतो, तेव्हा आमची म्हातारी म्हणाली की शेजारचा कुत्रासुद्धा इतका हुंगत नाही.

राग आला नाही असं लिहिणार नाही. आला. साके मुरवायची देवदाराची पिंपं तुझं पत्र येण्याच्या दोनच दिवस आधी, गुरुवारी, उकलून टाकली, फळ्या सुताराने नेल्या. एकाहत्तराव्या वर्षी नवी करून घेण्याची उमेद नाही.

तुझे वडील आणि मी एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो. त्यांच्यासारखी साके साधावी म्हणून चाळीस वर्षं झटलो. दर वसंतात ते यायचे, घोट घ्यायचे आणि म्हणायचे, जवळ आलास, पण अजून नाही. आणि तू त्यांचा मुलगा, माझ्या पेलीत तुला तुझे वडील भेटले! पत्रातली तेवढीच ओळ मी म्हातारीला दोनदा वाचून दाखवली. एवढं कौतुक माझं जन्मात कुणी केलं नाही.

तेच शेऱ्यात लिहिलं असतंस, पोरा, तर पिंपं आज जागेवर असती.

येत जा. जिव्हाळा आहे तसाच राहू दे.

तुझा,
निशिदातेकाका