पिकरवाल्याची चौकशी

७ नोव्हेंबर १९९५, मंगळवार

मुश्ताक आज तिसऱ्यांदा आला. दोनदा नाही म्हटलेलं. ही चिकाटी की निर्लज्जपणा, अजून ठरलेलं नाही. पोरगा सत्ताविशीचा. बापाच्या लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, नाक्याच्या मागे. हा वापीला प्लास्टिकच्या कारखान्यात राहून आला, आता पिकर बनवतो. लूममध्ये धोट्याला टोला मारतो तो मुठीएवढा तुकडा. झिजतो, तुटतो, सारखा बदलावा लागतो. आतापर्यंत बाहेरगावाहून यायचा. हा म्हणतो इथंच करतो, स्वस्त आणि टिकाऊ. थोडा चाललाय, मोठं मशीन घ्यायला पैसा हवाय.

रस्त्याकडेचं शेत गोडाऊनसाठी विकल्यापासून कशेळीत आमच्या ओट्यावर सगळ्यांनाच पैसा हवाय. केबलवाला येऊन गेला, बर्फाच्या कारखान्यावाला येऊन गेला. सौ.च्या मावसभावाचा जावई आला, त्याचा तर धंदा कुठला तेही ठरायचं होतं.

मु.ला विचारलं, व्याज काय देणार? "व्याज नको काका. आमच्यात चालत नाही. भागीदार व्हा. नफा झाला तर दोघांचा, बुडालं तर दोघांचं."

वा रे वा. बुडण्यातही मला वाटा!

लेकीचं लग्न उरकून जे उरलंय ते एवढंच. शेत काही परत उगवत नाही. हे गेलं तर पेन्शनीवर डाळभात, तोही मोजून.

९ नोव्हेंबर, गुरुवार

न सांगता मु.च्या गाळ्यावर गेलो. सांगून गेलं की सगळं झाडलेलं असतं, हे तलाठी कचेरीत जन्म घालवून कळलंय. कागद बघितलेच नाहीत. कागद मीही कमी रंगवलेले नाहीत.

हाताने दाबायचं जुनं मशीन. त्यासाठी आपल्या वाटणीच्या दोन लूम विकल्या म्हणे. बापाने विकू दिल्या? का? बाप खाली मान घालून चहा पीत होता.

कोपऱ्यात पत्र्याचा डबा, तुटके पिकर भरलेले. मी न विचारता त्यानेच पुढे ओढला. कुठला कुणाच्या लूमवर तुटला, कुठे तडा गेला, सगळं सांगत बसला. म्हटलं, हे कशाला दाखवतोस? "लपवलं असतं तर तुम्ही शोधलंच असतं."

हुशार उत्तर. हुशार उत्तरं मला आवडत नाहीत.

१२ नोव्हेंबर, रविवार

जेवताना सौ.ला सगळं सांगितलं. म्हणाली, "तुमी म्हस घेताना दोन टायमाचा दूध सोता काढून बगतास. मंग मानसाचा काय बगनार? शिंगा?"

मी म्हटलं, म्हैस खोटं बोलत नाही.

"म्हस बोलत न्हाय म्हनून तुमचा तिच्याशी जमतं," म्हणाली आणि ताट उचलून नेलं. अजून भात घ्यायचा होता.

पण मुद्दा बरोबर. दूध काढून बघायचं म्हणजे गिऱ्हाइकाकडे जायचं. फुकट नमुना कोणीही घेतो. एकदा पैसे देऊन घेतला त्याची भीडही असू शकते. दुसऱ्यांदा पैसे देऊन कोण घेतो ते बघायला हवं. मु.कडे नावं मागितली. लगेच दिली. इतकी पटकन का दिली?

१५ नोव्हेंबर, बुधवार

नाक्यावर अन्सारीकडे. लूमवाला, मु.चं मोठं गिऱ्हाईक. आत इतका खडखडाट की गळा फाडून बोलावं लागलं. पिकर कसा विचारलं. "माल ठीक है. दो बार लिया, तीसरी बार बोला है." म्हणजे पैसे देऊन घेतोय. बरं वाटलं, पण तोंडावर दाखवलं नाही.

मग खरी चौकशी. माणूस कसा? देणं वेळेवर देतो का? कुठे अडकलाय का? अन्सारीने चहाचा ग्लास खाली ठेवला. "क्यों? कुछ सुना क्या?" म्हटलं, नाही, सहज.

तिथून दाणेवाल्या शेठकडे. प्लास्टिकचा दाणा मु. त्याच्याकडूनच उधारीवर उचलतो. तेच प्रश्न. शेठने मला नीट न्याहाळलं, "तुमचे किती अडकले?" म्हणाला. मी नुसता हसलो. आपलं पान कधी उघडं करू नये.

पाय भरून आले, पण दिवस कामी आला.

१९ नोव्हेंबर, रविवार

लूम विकून स्वतः उतरलाय. तुटलेलं दाखवतो. माल दुसऱ्यांदा विकला जातो. शंका काढायला जागाच उरली नाही, आणि तीच एक शंका आहे. असं सरळ काही असतं का?

तरी हो म्हणावं असं वाटतंय. गुरुवारी दुपारी ये म्हणून निरोप धाडला. सौ.ने आज बोंबील छान केले होते.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

आला नाही. दिवेलागणीपर्यंत ओट्यावर बसलो.

म्हटलंच होतं मी! पैसा द्यायची वेळ आली आणि गडी गायब. काहीतरी लफडं असणारच. वाचलो. सौ.ला म्हटलं, बघ. ती म्हणाली, "तुमाला आनंद झालाय क काय?"

२५ नोव्हेंबर, शनिवार

गाळ्यावर गेलो, फक्त खात्री करायला. मशीनवर फडकं टाकलेलं. मु. एकटाच स्टुलावर.

शेठने उधार बंद केलं. रोख आण, मग दाणा ने. अन्सारीने तिसरी ऑर्डर थांबवली. म्हणाला, तू उद्या बसलास तर बाकीचा माल कोण देणार? त्याचं बघून बाकीच्यांनीही. बाजारात एकच बोलणं, मुश्ताक गेला.

का पण? मी विचारलं.

"इथं धडधाकट माणसाबद्दल कोणी विचारत फिरत नाही काका. ज्याचे पैसे अडकलेत तोच फिरतो. कशेळीकडचे कोणी वयस्कर गृहस्थ फिरले म्हणे."

नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघत राहिला, तेवढंच. मी चष्मा पुसला. "चहा सांगू?" म्हणाला. नको म्हटलं. बाप आतून बाहेर आलाच नाही.

आयुष्यभर कचेरीत चौकशा केल्या. तिथं चौकशी झाली की फाईल जाडी होते, एवढंच. इथं माणूस बसतो हे मला कोणी सांगायला नको होतं का? सौ.ला सांगितलं. वाटलं टोमणा मारेल. ती म्हणाली, "पोराचा वाटोला केलाव."

२८ नोव्हेंबर, मंगळवार

शेठकडे जाऊन आलो. म्हटलं, माझा एक पैसाही त्याच्याकडे नाही, पोरगा हिरा आहे. शेठ हसला. "अडकलेला माणूसच असं गोड बोलतो. मी उधार चालू करायचं आणि त्यातून तुमचे सुटायचे, होय ना?"

अन्सारीकडे गेलो. मी जितकी तारीफ करतो तितका तो मान हलवतो. "चाचा, आप फँसे हो. अल्लाह आसान करे." वर चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत, मला कंगाल समजून.

काय बाजार आहे! शंका एका दिवसात विकली जाते, खात्री कोणी फुकट घेत नाही. हसू की डोकं आपटू?

१ डिसेंबर, शुक्रवार

चेक लिहिला. सौ. म्हणाली, "दया म्हनून देतास क धंदा बगून?" खरं सांगायचं तर धंदा बघूनच. रोख दाणा घेतला, मशीन चालू झालं आणि मी उघडपणे गाळ्यात बसलो, तर बाजार आपोआप गप्प होईल. माल चांगला आहे. आणि बाजारात त्याने माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं, हे भागीदार व्हायला बघतायत म्हणाला असता, तर स्वतः मोकळा झाला असता.

(माझा चेक हवा म्हणून घेतलं नसेल? हेही मनात आलं. येणारच.)

आज लूम बंद, रस्ता शांत. नमाज आटोपून मु. गाळ्यावर आला. चेक पुढे केला. त्याने वाचला, घडी केली, परत माझ्या हातात दिला.

"कर्ज असतं तर आत्ता घेतलं असतं, काका. गरज आहे. पण ही भागीदारी. तुम्ही माझं सगळं बघितलं. मी तुमचं काहीच बघितलं नाही."

म्हटलं, माझं काय बघायचंय? सरकारी नोकरी केली, शेत विकलं, संपलं.

"तेच विचारून येतो," म्हणाला. हसला नाही.

राग आला. तावातावाने रिक्षात बसलो. कालचं पोर माझी चौकशी करणार!

३ डिसेंबर, रविवार

मु. सकाळपासून कशेळीत आहे. पानवाल्याकडे बसला, मग देवळाजवळ. सौ. पाणी भरताना ऐकून आली, सगळ्या गावाला ठाऊक. माझ्याकडे मात्र आला नाही. बायका म्हणे तिला विचारत होत्या, तुमच्या यांनी कोणाचे बुडवले का?

दुपारी मु.ची स्कूटर थोरल्याच्या दारात लागली. माझा सख्खा भाऊ. शेताच्या वाटणीचे कागद मी केले, तेव्हापासून बोलत नाही. रस्त्याकडचा तुकडा माझ्याकडे कसा आला, ते त्याला माहीत आहे आणि मला.

सौ. म्हणाली, "जाव, तुमीपन बसा त्यांच्यात." गेलो नाही. चेक खिशात आहे, घडी पडून मऊ झालाय. हे पोरगं नाही म्हणालं तर? परवा राग होता, आज नुसती धाकधूक आहे. घ्यावेत त्याने पैसे, असं फार वाटतंय.

उन्हं उतरली. थोरल्याकडे दुसरा चहा आत गेला. एवढा वेळ काय बोलतायत? तिखटमीठ लावलं असतं तर मी खोडून काढलं असतं. पण थोरला कधी खोटं बोलत नाही.