मनुक्याची आंबलेली बरणी

४ मार्च
बरणी आंबली. झाकण काढलं तर फस्स. काळे मनुके आणि सुकी बोरं, चंदनतेलात मुरत घातलेली. हैदराबादच्या अत्तरवाल्याला नमुना द्यायचाय. पसंत पडला तर आमच्या दुकानाला वर्षभराचं काम. काका आईसमोर म्हणाले, "कामून हात लावलीस? त्या दिवसांत ढवळलीस ना?" ढवळली होती. खोटं कशाला लिहू.

५ मार्च
झोप नाही. खरंच माझ्या हातानं...? पण त्याच दिवशी खारकेची बरणीही मीच ढवळली होती. आज ती हुंगली, अप्पांनी शिकवलं तशी, डोळे मिटून. गुळमट, मागे जरा लाकूड. काही झालेलं नाही. एकीलाच विटाळ?

६ मार्च
काकांना विचारलं, बरणी भरताना मनुके धुतले होते का.
"व्हय. धुळीचा माल तेलात टाकू?"
"वाळवले?"
"फडक्यानं पुसले की."
पुसले! सुरकुत्यांतलं पाणी फडक्यानं जातं? आमच्या घरी मनुके कोरडेच चोळायचे, ही अप्पांची पहिली शिकवण. तसं म्हटलं तर काका, "पाणीबिणी काय न्हाई. तू लांब राहा बरणीपासून."
म्हटलं, गळ्यात इष्टलिंग आहे, आपल्या लिंगायतांत विटाळ नाही, हे तुम्हीच सगळ्यांना सांगता.
"धंद्यात शास्त्र काढू नको."
अप्पा तिथंच होते. बाप असून खाली बघत राहिले. त्याचं जास्त लागलं.

१० मार्च
नवी बरणी घरी घातली. मनुके गच्चीवर उन्हात कडक केले, एकेक दाबून पाहिला. बोरंही वाळवली. ढवळणार मीच, रोज. अप्पा हळूच, "ते चार दिवस मी ढवळतो, बाळ." नको म्हटलं. वाईट वाटलं, पण नको.

२५ मार्च
सकाळी पाळी आली. पोट दुखतंय. तरी बरणी दुकानात नेली. आमच्या चिटगुप्प्याचा बाजार, दोन गिऱ्हाइकं उभी. मोठ्यानं सांगितलं, "काका, आज माझा पहिला दिवस आहे," आणि पळी घातली. बरणी हलली, तेल सांडलं. अप्पा उठले. वाटलं, पळी ओढून घेतात. त्यांनी दोन्ही हातांनी बरणी धरली, मी ढवळेपर्यंत.
काका: "आंबली तर पुन्हा पळीला शिवायचं न्हाई. कबूल?"
"आणि न्हाई आंबली तर?"
काका गिऱ्हाइकांकडे वळले.
रात्री शंका. बोरं पुरेशी वाळली होती ना? दोन-तीन मऊ लागली होती. तेव्हाच काढायला हवी होती.
उद्या दुसरा दिवस. उद्याही दुकानातच ढवळणार.