उन्नती वहिनीची सोनोग्राफी

प्रिय गंगू आत्या,

मी रेडिओलॉजी घेतली तेव्हा तू चार दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. "पेशंटला औषध न देनारी कसली डॉक्टरीन तू? नुसते फोटो बगनार!" म्हणाली होतीस. मलाही कधीकधी तसंच वाटायचं. तीन वर्षं अंधाऱ्या खोलीत बसून मी रोज साठ-साठ रिपोर्ट लिहिते आणि पेशंट माझं नावही न विचारता निघून जातात.

आज सकाळी तुझी सून आत आली. कल्पेशदादालाही न सांगता ती खारघरहून एकटीच आली होती. मागच्या दोन्ही वेळी बाळाचे ठोके सापडले नव्हते, म्हणून या वेळी ती डोळे मिटूनच टेबलावर झोपली.

"रुतिका, वाईट असंल तर लगेच सांगू नको," ती म्हणाली.

मी तिच्या पोटावर मशीन फिरवत राहिले गं. आणि मग स्क्रीनवर तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी लुकलुकलं.

"वहिनी, डोळे उघड."

"ते काय हलतंय?"

"बाळाचं काळीज!"

आम्ही दोघी इतक्या हसलो, रडलो, की बाहेरच्या मावशी दार उघडून ओरडल्या, "मॅडम, लाईन हाय!"

दादाला ती आजच सांगेल, पण तुला तिसरा महिना संपल्यावर. तिची बातमी तिनेच सांगायची, म्हणून हे पत्र माझ्याच कपाटात राहील. रविवारी आम्ही सगळे तुझ्याकडे जेवायला येतोय. मी उगाच हसले तर कारण विचारू नकोस. फक्त जिताडा माशाचा मोठा तुकडा वहिनीला वाढ.

तुझी लाडकी,
रुतिका