खुर्चीची जागा

सोमवार
पोचले एकदाची लेकाच्या घरी. लिफ्ट आहे, गरम पाणी आहे, मला स्वतंत्र खिडकी आहे. या वयात आणखी काय हवं? सुनेने पिशव्या उचलल्या आणि ही वही हातात दिली. म्हणाली, आई, दिवसभर बोलायला कुणी नसतं, लिहीत जा. म्हटलं, चौथीत शाळा सुटली माझी, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आणि कुणी नसतं कसं, मुलगा घरीच आहे ना? ती पिशव्या घेऊन आत निघून गेली.

मधली खोली बघितली. सामान म्हणून नाही. भिंतींना स्पंज. माणसाएवढे दोन स्पीकर रुसलेल्या व्याही-विहिणीसारखे तिरके उभे, आणि समोर एकच खुर्ची. फरशीवर लाल चिकटपट्ट्या, खुर्चीचे पाय बरोबर त्यांच्यावर. मुलाने समजावलं, आवाज दोन्ही कानांना सारखा पोचला पाहिजे, बोटभर सरकलं तरी खेळ खलास. जागा साधली की स्पीकर नाहीसे होतात, आवाज माणसासारखा खोलीत उभा राहतो. म्हटलं, एवढी धुडं आणलीस ती नाहीशी करायला? तो खूप हसला. बरं वाटलं.

मंगळवार
आज मला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले. आणि हे आले.

हे जाऊन दोन वर्षं होतील. जाण्याआधी मुलाने आमच्या जुन्या घरात दोन मायक्रोफोन टांगले होते, दोन कानांच्या अंतरावर. बापाला सांगितलं होतं, बोलू नका, रोजच्यासारखे वावरा. तेच आज लावलं. नळ सुटला. खोकला. मग डाव्या सपातेची ती घसट, डावीकडून आली आणि माझ्या पाठीमागून गेली. दोन्ही खोकी समोर, तर मागे कोण चाललं? डोळे उघडले, तर स्पंज.

मी काही रडले नाही. म्हटलं, मेल्यावर तरी पाय उचलून चालायचं. मुलाचे डोळे मात्र भरलेले. म्हणाला, ऊठ आई, आता मी बसतो.

बुधवार
सुनेने भाजी चिरता चिरता सांगून टाकलं. ह्याची रजा कधीच संपली. ऑफिसचे फोन उचलत नाही. सकाळी खुर्चीत बसतो तो जेवायलाही उठत नाही. आई, तुमचंच ऐकेल, उठवा त्याला.

म्हणजे मला खिडकीसाठी आणलेलं नाही. दमले बाई. जन्म गेला बापाला अंथरुणातून उठवण्यात, आता लेकाला खुर्चीतून.

गुरुवार
मुलगा आंघोळीला गेला तेव्हा मधल्या खोलीत फडकं मारलं. पट्ट्या मळून काळ्या झालेल्या, सुरीने खरवडून काढल्या. खुर्ची भिंतीला लावली. फरशी कशी आरशासारखी झाली.

तो आला आणि गुडघ्यांवर बसून पट्ट्यांच्या खुणा शोधू लागला. मग दुपारभर खुर्ची इकडे सरकव, तिकडे सरकव. आवाज येत होता, पण सपाट, भिंतीला डकवल्यासारखा. म्हणाला, बाबा यात नाहीत, आई. तू त्यांची जागा पुसलीस. म्हटलं, मोजून परत लाव की. म्हणाला, मोजून नव्हती लावली. ऐकून ऐकून सापडली होती. वर्ष गेलं त्यात.

घरात कुणी नीट जेवलं नाही.

शनिवार
दुपारी भांडी घासत होते. मागून सपात. डावी.

वाटलं, सापडली वाटतं ह्याला जागा. सांगायला गेले, आवाज कमी कर म्हणून. मशीन बंद. प्लग काढलेला. मुलगा खुर्चीत झोपलेला.

सपात स्वयंपाकघरातच घासत होती. मी भांडी सोडून आले होते तिथे.

रविवार
सुनेलाही ऐकू आलं. आधी बाहेरच्या खोलीत, मग मोरीच्या दाराशी. तिला वाटलं मी आहे. म्हणाली, आई, पाय उचलून चाला ना.

मी पलंगावर बसले होते. अनवाणी.

सोमवार
आज हे बोलले. टेपवर एक शब्द नाही, तरी बोलले. अख्खा संसारभर चष्मा डोक्यावर ठेवून मलाच विचारायचे, अगं ऐकलंस का, कुठाय? तोच सूर. उजव्या कानाशी.

अगं ऐकलंस का, माझी जागा कुठाय?

मी भांडी घासत राहिले. ओ दिली की पिच्छा सोडत नाहीत, ठाऊक आहे मला.

मंगळवार
मुलगा उठत नाही. ओठ सुकलेत. पुढ्यात जाऊन पाणी धरलं तर म्हणतो, बाजूला हो आई, मध्ये येतेस. बाबा पोचलेच आहेत माझ्यापर्यंत.

सून दाराला डोकं टेकून उभी. कालचं ताट तसंच.

शेवटी दंड धरला त्याचा. म्हटलं, ऊठ. बापाला शोधून द्यायची सवय मला आहे, तुला नाही. मी बसते.

बुधवार
उठला. सुनेने धरून नेला. वही मांडीवर घेऊन मी बसले.

मी डोळे मिटून खुर्ची जराशी सरकवली. सापडली. पहिल्या फटक्यात. यांचं काहीही शोधून द्यायला मला कधी वेळ लागला नाही—

सून दारात आलीय. तोंड हलतंय. आवाज सपाट, भिंतीत अडकल्यासारखा. काय म्हणते कळत नाही. तिच्या मागे मुलगा, हातात ताट. जेवतोय. मोठे घास घेतोय.

झालं माझं काम.

उठू म्हटलं तर— पाय—

सपात. डावीकडून. मागे. थांबली.

विचारताहेत, सापडली का. म्हटलं, हो.

म्हणताहेत, मग सरक.

एकाचीच खुर्ची आहे ही. कुठे सर—