अडखळीसकट

शिवाजी पेठ, कोल्हापूर
६ जानेवारी २०२५

चि. धैर्यशील यास हंबीरमामाचे अनेक आशीर्वाद.

घरात दोन-दोन फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. लकवा मारून गेल्यापासून मामाची जीभ अडते, हात अडत नाही. आणि आज मला तुझी खरडपट्टी काढायची आहे, तीही एका दमात.

दिवाळीत आलास तेव्हा मामीचे हाल बघून तुला कळवळा आला. मी रोज पेपरातला एक उतारा मोठ्याने वाचायचा, मामीने तो मोबाईलवरून कॉम्प्युटरवर घ्यायचा, मग सांगलीला वाचेचे उपचार करणाऱ्या पद्मजाताईंना पाठवायचा, आणि ताईंनी तो ऐकून माझ्या जिभेला पुढचा व्यायाम सांगायचा. तू दोन तास खाटखूट केलीस आणि सगळं आपोआप व्हायला लागलं. मी नुसतं वाचायचं. रेकॉर्डिंग आपलं आपण कॉम्प्युटरवर उतरणार, साफ होणार आणि सांगलीला जाणार. अख्ख्या गल्लीत मी तुझं कौतुक सांगत हिंडलो, म्हणजे मामीला सांगायला लावलं.

परवा ताईंचा निरोप आला, की हंबीरराव, तुमची वाचा आता सुरळीत आहे, उपचार थांबवायला हरकत नाही. अरे, मी देवापुढे साखर ठेवली. मला स्वतःला अडखळल्यासारखं वाटत होतं, पण म्हटलं, आपल्याला आतून वाटत असेल, बाहेर ऐकू येत नसेल. त्या फुशारकीत शेवटचं रेकॉर्डिंग तालमीच्या कृष्णातला पाठवलं. तुला माहीत आहे, आपल्या तालमीच्या फुटबॉल सामन्याला माईकवर वीस वर्षं मीच. झटक्यानंतर मी कट्ट्यावर नुसता मान हलवत बसतो. कृष्णात धावतच घरी आला. म्हणाला, मामा, १९ तारखेला माईक तुमचाच, दुसऱ्या कुणी हात लावला तर बघून घेतो की.

काल मामी ते रेकॉर्डिंग ऐकत बसली आणि एकदम म्हणाली, की अहो, ह्यात मी तुम्हाला मधी पाणी दिल्यालं कुठं हाय?

नव्हतंच. पाणी नव्हतं, ठसका नव्हता, एकेका शब्दापाशी मी उभा राहिलो होतो ते उभं राहणं नव्हतं. माझाच आवाज, पण आकाशवाणीच्या बातम्यांसारखा सरळ. तुझ्या यंत्राने माझा सगळा आजार कापून टाकला आणि मला बरं करून सांगलीला पाठवलं! ताईंचं काय चुकलं? त्यांनी ऐकलं तसं सांगितलं. दोन महिन्यांचा उपचार पाण्यात गेला आणि आता भर मैदानात माझी शोभा होणार. तुला कुणी सांगितलं होतं रे हे शहाणपण?

उत्तर पाठव. आशीर्वाद आहेतच, पण आज जरा रागातले आहेत.

हंबीरमामा

*

पुणे
११ जानेवारी २०२५

तीर्थरूप हंबीरमामांस, धैर्यशीलचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून कान लाल झाले. मामा, चूक माझीच. आमच्या ऑफिसच्या बैठकांत माणसं बोलतात कमी आणि गप्प बसतात जास्त. ती रेकॉर्डिंगं ऐकायला वेळ जाऊ नये म्हणून मी मधली शांतता आणि खोकणं-खाकरणं कापणारा एक प्रोग्रॅम केला होता. तोच उचलून तुमच्याकडे बसवला. तुमचं थांबणंच ताईंना ऐकायचं असतं, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

मूळ रेकॉर्डिंगं तुमच्या कॉम्प्युटरवर शाबूत होती. इथून बसून ती सगळी ताईंना पाठवली आणि फोनही केला. त्यांनी आधी मला झाडलं, मग सोमवारपासून व्यायाम पुन्हा सुरू करायचं कबूल केलं. कात्री काढून टाकली आहे.

आता १९ तारखेचं. तुम्ही शोभा करून घेऊ नका. माझ्याकडे युक्ती आहे. खेळाडूंची नावं आणि गोल झाल्याची घोषणा घरीच सावकाश वाचून ठेवा, हवी तितक्या वेळा. मी ते जोडून गुळगुळीत करून देतो. मैदानात कृष्णातने लॅपटॉपवर नुसतं बटण दाबायचं, तुम्ही माईक तोंडाशी धरून उभं राहायचं. आवाज तुमचाच, कुणाला पत्ता लागणार नाही. मामींना सांगा, तांबड्या रश्श्याचं आमंत्रण या भानगडीत रद्द करू नका.

रागावलात तरी चालेल, पण दूर करू नका.

आपला,
धैर्यशील

*

शिवाजी पेठ, कोल्हापूर
२० जानेवारी २०२५

चि. धैर्यशील, आशीर्वाद.

पहिली चूक नकळत केलीस, ती माफ केली. पण दुसरी तू विचार करून सुचवलीस! मी माईक धरून बाहुल्यासारखं तोंड हलवायचं आणि माझ्या नावाने यंत्राने बोलायचं? वाचून इतका संताप झाला, की मामीने पत्र हातातून काढून घेतलं.

मी काल सामन्याआधी कृष्णातला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, बघा मामा, झेपत नसंल तर ऱ्हाऊ द्या. मी म्हटलं, झेपेल. आणि उभा राहिलो.

सुरुवातीची अकरा नावं झाली. वेळ लागला, समोरच्या तालमीच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मारू देत. शिट्ट्यांना आम्ही घाबरत नाही. मग उत्तरार्धात आपल्या आदर्शने गोल मारला. मैदान उसळलं. मी माईक उचलला, गोल म्हणालो, 'आ' म्हणालो, आणि 'दर्श' अडकला. जिभेच्या मुळाशी बसला तो हलेना. मी ओढतोय, घाम फुटलाय, आणि तेवढ्यात आपल्या बाजूचा अख्खा कट्टा एका सुरात 'दर्श' असं ओरडला. माझी राहिलेली अक्षरं त्यांनी म्हणून टाकली. मग टाळ्या. कृष्णातने मला मिठीच मारली. मामीही डोळे पुसत होती. सगळ्यांना वाटलं, आपण केवढं मोठं काम केलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझ्या यंत्राने माझं थांबणं कापलं, ह्या लोकांनी माझा शब्दच काढून घेतला. प्रेमाने काढून घेतला, म्हणून काय झालं? तो माझ्या तोंडात होता, येत होता!

मी कृष्णातला बाजूला सारलं. टाळ्या संपल्या, चेंडू मध्यावर गेला, खेळ सुरूही झाला. गोलाकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं. मी माईक पुन्हा तोंडाशी धरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मागून कुणीतरी ओरडलं, की काका, कळ्ळं की वो, बसा आता. मी बसलो नाही. आदर्श धावता धावता थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला. त्याचं पूर्ण नाव मी म्हटलं, माझ्या तोंडाने, शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि मगच माईक खाली ठेवला.

मामीचे आशीर्वाद. लोभ ठेव, पण त्याला तुझी कात्री लावू नकोस.

हंबीरमामा